जास्तीचे गुण की सरासरी?

प्रश्न : माझी भाची न्यू जर्सीत वाढली. तिला वकील व्हायचे आहे. पहिल्यांदा एलसॅट दिली तेव्हा तिला १५८ गुण मिळाले, दुसऱ्यांदा १६५. आता तिसऱ्यांदा बसायचे म्हणते. माझे मेहुणे म्हणतात, तिकडची लॉ स्कूल सगळ्या वेळच्या गुणांची सरासरी काढतात, त्यामुळे पहिला पेपर तिने घाईने देऊन नुकसान करून घेतले. हे त्यांना त्यांच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलाने सांगितले आहे. भाची म्हणते, सरासरीबिरासरी काही नाही, सर्वांत जास्त असतील तेच गुण धरतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर यावरून बापलेकीची जुंपते आणि मला मध्यस्थी करावी लागते. खरे कोणाचे? – एक मामा, ठाणे

उत्तर : भाचीचे. पण म्हणून मेहुण्यांना खोटे पाडू नका. ते ज्येष्ठ वकील २००६ च्या आधी लॉ स्कूलमध्ये गेले असतील, तर त्यांनी सांगितले ते त्यांच्या काळापुरते बरोबरच होते. मध्येच नियम बदलला. तो बदल नीट समजला, तर तिसऱ्यांदा बसावे का या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच मिळेल.

अमेरिकेत बारावीनंतर थेट कायद्याला जाता येत नाही. आधी कुठल्याही विषयाची पदवी, मग कायद्याची तीन वर्षांची पदवी, म्हणजे जे.डी. या दुसऱ्या पायरीवर एलसॅट उभी असते. १९४५ मध्ये कोलंबिया लॉ स्कूलचे प्रवेशप्रमुख फ्रँक बोल्स यांनी, अर्जदार निवडायला तेव्हाच्यापेक्षा बरी चाचणी हवी, असा विचार पुढे मांडला. त्यातून काही लॉ स्कूल एकत्र आली आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिली परीक्षा झाली. आज ती लॉ स्कूल ॲडमिशन काउन्सिल घेते. या परीक्षेत कायद्याचे एकही कलम विचारत नाहीत. उतारे वाचायचे, युक्तिवाद तपासायचे आणि त्यातली फट शोधायची. कोड्यांचा एक विभाग होता, ज्याला मुले ‘लॉजिक गेम्स’ म्हणत आणि ज्याने पुष्कळांची झोप उडवली होती. तो ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकला आहे. गुण १२० ते १८० या पट्टीवर देतात. १५० च्या जवळपास मधली गर्दी असते, आणि १७० च्या पुढे शंभरातली जेमतेम पाच-सहा मुले पोहोचतात.

आता नियम. लॉ स्कूलना मान्यता देते अमेरिकन बार असोसिएशन. मान्यताप्राप्त प्रत्येक लॉ स्कूलने दरवर्षी आपल्या नव्या वर्गाचे आकडे जाहीर करायचे असतात. ज्या नियमाखाली हे करायचे त्याचा क्रमांक ५०९, म्हणून या पत्रकाला सगळे ‘५०९ रिपोर्ट’ म्हणतात. त्यात एलसॅटचे तीन आकडे असतात : वर्गातली एक चतुर्थांश मुले ज्याच्या खाली आहेत तो, बरोबर मधला, आणि एक चतुर्थांश मुले ज्याच्या वर आहेत तो. मधल्या आकड्याला मीडियन म्हणतात आणि लॉ स्कूलच्या प्रवेश कार्यालयाचा सगळा जीव या मीडियनमध्ये असतो.

एखाद्याने दोनदा-तीनदा परीक्षा दिली असेल, तर या पत्रकात त्याचे कोणते गुण धरायचे? जून २००६ पर्यंत उत्तर होते, सरासरी. त्यानंतर असोसिएशनने नियम बदलला : सर्वांत जास्त असतील ते कळवा. वरवर पाहता हा फक्त तक्ता भरण्याचा नियम. अर्जदाराला कसे तोलायचे, हे लॉ स्कूलने ठरवायचे. पण जो आकडा जगाला दाखवायचा असतो, तोच माणूस आतही पाहू लागतो. जुन्या नियमाने तुमची भाची पत्रकात १६१.५ होती. नव्या नियमाने ती १६५ आहे. तिला घेतल्याने वर्गाचा मीडियन वर जाईल की खाली, हे १६५ वरून ठरणार. मग अर्ज वाचणाऱ्याने १५८ चा बाऊ कशासाठी करायचा?

मीडियनचे गणित जरा खोलात पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एक विक्षिप्तपणा आहे. समजा वर्गात २०१ मुले आहेत. त्यांना गुणांच्या क्रमाने रांगेत उभे केले, तर १०१ व्या मुलाचे गुण म्हणजे मीडियन. समजा तो १६६ हवा आहे. मग १६५ चा विद्यार्थी आणि १५२ चा विद्यार्थी, दोघेही मीडियनच्या दृष्टीने सारखेच, कारण दोघेही रेषेच्या खाली. आणि १६७ व १७८ हेही सारखेच, दोघेही वर. सरासरीत १५२ ने वर्ग खाली ओढला असता. मीडियनला त्याचे काही वाटत नाही. म्हणून लॉ स्कूलच्या लेखी एका ठराविक जागी एका गुणाचे मोल प्रचंड असते आणि इतरत्र पाच गुणांनाही फारसे कोणी विचारत नाही. मुलांना हे पक्के ठाऊक असते. कोणत्या लॉ स्कूलचा मीडियन किती, हे त्यांना तोंडपाठ असते.

एवढी घालमेल मीडियनसाठी का, तर क्रमवारीसाठी. ‘यू.एस. न्यूज’ने १९८७ मध्ये लॉ स्कूलची क्रमवारी पहिल्यांदा छापली आणि १९९० पासून ती दरवर्षी येते. तीत विद्यार्थ्यांच्या एलसॅट गुणांना वजन आहे. क्रमवारीवर नोकऱ्या, देणग्या आणि पुढच्या वर्षीचे अर्ज अवलंबून. हा ताण कुठपर्यंत जातो याचे दाखलेही आहेत. २०११ मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या लॉ स्कूलने आधीच्या वर्षांचे प्रवेशाचे आकडे फुगवून कळवल्याचे उघड झाले आणि असोसिएशनने त्यांना जाहीर समज दिली. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे असेच प्रकरण निघाले. त्यांना २०१२ मध्ये अडीच लाख डॉलर दंड झाला. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्ड या क्रमवारीतून बाहेर पडली, आणि २०२३ च्या यादीत एलसॅटचे वजन सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास होते ते पाचवर आले. तरी मीडियनची ओढ सुटली असे मला दिसत नाही. ५०९ रिपोर्ट दरवर्षी छापला जातोच, आणि आकडा छापला की तुलना आलीच.

तर मग ‘आम्ही सगळे गुण पाहतो’ असे पुष्कळ लॉ स्कूल आपल्या माहितीपत्रकात लिहितात, ते खोटे का? खोटे नाही. लॉ स्कूलला गुण विद्यार्थ्याकडून जात नाहीत, काउन्सिलकडून जातात. त्या अहवालात ग्राह्य मुदतीतल्या सगळ्या वेळचे गुण आणि त्यांची सरासरी असते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर १५८ असणारच. फक्त बहुतेक ठिकाणी ते ओझे म्हणून नसते, माहिती म्हणून असते. १५८ नंतर १६५ असेल, तर मुलीने मनावर घेतले असे दिसते. १६१, १६०, १६१ असे तीनदा असेल, तर तिची पट्टी इथेच आहे असे दिसते, आणि चौथ्यांदा अचानक १७१ आले तर वाचणारा नक्की थबकतो. अशा मोठ्या उडीसाठी अर्जासोबत चार-पाच ओळींचा खुलासा जोडायची मुभा असते. त्याला ‘ॲडेंडम’ म्हणतात. त्यात पहिल्या वेळी ताप होता, किंवा नोकरी सांभाळून अभ्यास केला होता, दुसऱ्या वेळी नोकरी सोडली, असे साधे खरे कारण लिहावे. रडगाणे नको. तुमच्या भाचीची सात गुणांची वाढ खुलासा द्यावा न द्यावा अशा काठावर आहे. सांगण्यासारखे कारण असेल तर द्यावा, नसेल तर गप्प राहावे.

आता मेहुण्यांची बाजू, कारण ती मला संख्याशास्त्राच्या दृष्टीने अधिक पटते. एलसॅटचा हेतू एकच : लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी कसा चालेल याचा अंदाज बांधणे. आणि अनेक वेळा दिलेल्या परीक्षेवरून असा अंदाज बांधायचा, तर एका उच्चांकापेक्षा सगळ्या वेळची सरासरी बरी, हे मोजमापाचे जुने शहाणपण आहे. कारण कुठलीही परीक्षा किराणा दुकानातल्या काट्यासारखी असते. तीच पिशवी पुन्हा ठेवली तर काटा थोडा इकडे-तिकडे हलतो. काउन्सिल हे लपवत नाही. प्रत्येक गुणासोबत ती एक पट्टा देते, साधारण तीन गुण खाली ते तीन गुण वर. म्हणजे १६५ मिळवणारीची खरी तयारी १६२ ते १६८ मध्ये कुठेतरी आहे, असा त्याचा अर्थ. प्रश्नपत्रिकेत गुणांसाठी धरलेले प्रश्न असतात सुमारे पाऊणशे. मधल्या पट्टीत तीन गुणांचा फरक म्हणजे चार-पाच प्रश्न. एखादा उतारा आवडीच्या विषयावर आला, रात्री झोप नीट लागली, एवढ्यावरही तो फरक पडू शकतो.

सर्वांत जास्त तेच धरायचे म्हटले, की जितक्या वेळा बसाल तितक्या वेळा नशीब आजमावायची संधी. ज्याच्याकडे दर खेपेला दोनशेहून अधिक डॉलर शुल्क, क्लासची फी आणि मोकळा उन्हाळा आहे, त्याला अशा संध्या जास्त. दिवसा नोकरी करणाऱ्याला एकच. २००६ च्या नियमावरचा हा आक्षेप मला योग्य वाटतो. पण नियम माझ्या मताने चालत नाही, आणि भाचीला आजच्या नियमानेच अर्ज करायचा आहे.

म्हणून तिसऱ्यांदा बसावे का, हा प्रश्न दोन आकड्यांवर सोडवा. पहिला आकडा घरात आहे. वेळ लावून, मध्ये न उठता सोडवलेल्या सराव-प्रश्नपत्रिकांत तिला किती मिळतात? सलग चार-पाच पेपरांत १६९-१७० येत असतील, तर १६५ हा तिचा वाईट दिवस होता आणि पुन्हा बसणे शहाणपणाचे. सरावातही १६४-१६६ येत असतील, तर तिसरा पेपर म्हणजे काट्याच्या हेलकाव्यावर लावलेली पैज. पुन्हा बसणाऱ्यांची वाढ सरासरीने दोन-तीन गुणांचीच असते. त्यातही पुन्हा बसणारे बरेचसे असे असतात, ज्यांना पहिल्यांदा अपेक्षेपेक्षा कमी पडले होते. त्यांचे गुण काही न करताही थोडे वर यायला हवेतच. काहींचे खालीही येतात.

दुसरा आकडा ५०९ रिपोर्टमध्ये आहे. ज्या पाच-सात लॉ स्कूलवर तिचे मन आहे, त्यांचे मीडियन पाहा. ते १६२-१६४ असतील, तर ती आधीच रेषेच्या वर आहे. तिसऱ्या पेपरऐवजी अर्जातला निबंध पुन्हा लिहावा. मीडियन १६६-१६७ असेल, तर एक-दोन गुणांनी ती रेषेच्या खालून वर जाते. तिथे प्रयत्नाला अर्थ आहे, आणि तो फक्त प्रवेशापुरता नाही. लॉ स्कूल आपला मीडियन राखण्यासाठी रेषेच्या वरच्या मुलांना स्कॉलरशिप देऊन ओढतात. तीन वर्षांच्या फीचा विचार केला, तर दोन गुणांची किंमत हजारो डॉलरांत जाऊ शकते. मेहुणे हिशेबी दिसतात. त्यांना हा मुद्दा सांगून पाहा.

एक गोष्ट वेळेची. बहुतेक लॉ स्कूलचे अर्ज शरद ऋतूत उघडतात आणि जसे येतात तसे वाचले जातात. शेवटच्या तारखेपर्यंत सगळ्या जागा शिल्लक असतात असे नाही. अर्जात ‘पुढची परीक्षा अमुक महिन्यात देणार आहे’ असे लिहिले, की पुष्कळ ठिकाणी तो अर्ज नवे गुण येईपर्यंत बाजूला ठेवतात. जानेवारीत दोन गुण वाढवून फेब्रुवारीत रांगेच्या शेवटी उभे राहण्यापेक्षा, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काय ते उरकून घेतलेले बरे.

प्रश्न : मुलगा पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अमेरिकेत शिकायचे म्हणतो. त्याने एलसॅट किती वेळा द्यावी? – एक पालक, सातारा

उत्तर : बहुधा एकदाही नाही. आपल्याकडे एलएल.बी. झालेली मुले अमेरिकेत सहसा एक वर्षाच्या एलएल.एम.ला जातात, आणि त्याला एलसॅट लागत नाही. तिथे पदवीचे गुण, शिफारसपत्रे, निबंध आणि इंग्रजीची परीक्षा पाहतात. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये, ठराविक अटी पाळल्या तर, परदेशी वकिलाला एलएल.एम.नंतर बार परीक्षेलाही बसू देतात. तेव्हा एलसॅटच्या पुस्तकांवर खर्च करण्याआधी मुलाला नेमके काय हवे आहे ते विचारा.

त्याला तिथलेच तीन वर्षांचे जे.डी. करायचे असेल, तर गोष्ट वेगळी. मग एलसॅट हवी, आणि भारतातून अर्ज करणाऱ्याला ती जास्तच गंभीरपणे घ्यावी लागते. अमेरिकन विद्यार्थ्याचे दोन आकडे असतात, पदवीचा जी.पी.ए. आणि एलसॅट. काउन्सिल त्याचा जी.पी.ए. एका सारख्या पद्धतीने काढून लॉ स्कूलला देते आणि त्याचाही मीडियन ५०९ रिपोर्टमध्ये छापला जातो. भारतीय पदवीचे मात्र तसे आकड्यात रूपांतर होत नाही. गुणपत्रिका तपासून तिला एक शेरा मिळतो, उत्तम, सरासरीच्या वर, असा. ५०९ मधल्या जी.पी.ए.च्या रकान्यात हा विद्यार्थी नसतोच.

याची एक बाजू चांगली : पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या कडक हाताने दिलेल्या पंचावन्न टक्क्यांमुळे लॉ स्कूलचा मीडियन खाली जात नाही. दुसरी बाजू अशी, की त्याच्या नावापुढे छापता येईल असा एकच आकडा उरतो, एलसॅटचा. म्हणून अशा मुलाने सरावात गुण स्थिरावेपर्यंत पहिला पेपर देऊच नये, असे मी म्हणेन. ‘एकदा बसून तर बघू’ हा आपल्याकडचा लाडका प्रकार इथे कामाचा नाही. बसून बघायला जुन्या प्रश्नपत्रिका आहेत.

आणखी एक घोटाळा टाळा. ‘एलसॅट इंडिया’ नावाची परीक्षा २००९ पासून आपल्याकडे होत असे. ती भारतातल्या काही खासगी लॉ स्कूलसाठी होती, अमेरिकेसाठी नव्हे, आणि २०२४ नंतर ती बंदही झाली. क्लासच्या जुन्या जाहिरातींत दोन्ही नावे अजून एकमेकांत मिसळलेली दिसतात.

प्रश्न : गुण कमी पडले तर ते रद्द करता येतात, असे मुलगी म्हणते. मग सगळेच रद्द करत बसायचे आणि चांगले आले की ठेवायचे, असे चालते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धवट चालते. पूर्वी गुण रद्द करायचे असतील, तर ते न पाहताच करावे लागत. पेपर कसा गेला, या स्वतःच्या अंदाजावर. आणि परीक्षेतून बाहेर पडलेल्या माणसाचा अंदाज किती भरवशाचा असतो, हे आपण सगळे जाणतो. २०२० पासून शुल्क भरून आधी गुण पाहायचे आणि मग मोजक्या दिवसांत ठेवायचे की रद्द करायचे ते ठरवायचे, अशी सोय आली. रद्द केले, तर लॉ स्कूलला आकडा दिसत नाही. पण त्या तारखेला परीक्षा दिली होती आणि गुण रद्द केले, एवढे दिसते. एकदा असे झाले तर कोणी मनावर घेत नाही. तीनदा झाले, तर वाचणाऱ्याच्या मनात शंका येणारच.

शिवाय मोजणी चुकत नाही. गुण कळवण्याच्या चालू मुदतीत, म्हणजे साधारण पाच-सहा वर्षांत, पाच वेळा आणि आयुष्यभरात सात वेळा एवढीच परवानगी असते, आणि रद्द केलेली वेळही त्यात धरतात. २०१७ पर्यंत दोन वर्षांत तीनच वेळा बसता येई आणि परीक्षाही वर्षातून चारदाच होत. आता ती त्याहून बरीच अधिक वेळा होते. एक मर्यादा अशीही आहे : या मुदतीत १८० पैकी १८० मिळाले असतील, तर पुन्हा बसता येत नाही. तशी हौस कोणाला असते कोण जाणे, पण नियम करावा लागला म्हणजे असे कोणी असावेत.

अमेरिकेत मुले वाढवणाऱ्या पालकांना आणखी एका बाबतीत सावध करतो. बारावीनंतरच्या प्रवेशासाठीच्या सॅट परीक्षेत काही कॉलेजे गणिताचे गुण एका वेळचे आणि इंग्रजीचे दुसऱ्या वेळचे उचलून दोन्हींची गोळाबेरीज करतात. त्याला ‘सुपरस्कोअर’ म्हणतात. थोरल्या भावाच्या वेळी हे पाहिलेले असते, म्हणून धाकटीच्या एलसॅटलाही तेच होईल असे वाटते. एलसॅटमध्ये विभागवार गुण लॉ स्कूलकडे जातच नाहीत, एकच एकूण आकडा जातो. जोडायला काही हातात नसते.

आणि एलसॅट नकोच, जी.आर.ई. देऊ, ही पळवाट? ॲरिझोना विद्यापीठाच्या लॉ स्कूलने २०१६ मध्ये आणि हार्वर्डने २०१७ मध्ये जी.आर.ई. चालेल म्हटले, आणि आता पुष्कळ ठिकाणी चालते. ज्याने एलसॅट दिलीच नाही, त्याच्यासाठी तो खरा पर्याय आहे. पण एकदा एलसॅट देऊन गुण ठेवले, तर ते अहवालात राहतातच. जी.आर.ई.ने ते झाकले जात नाहीत.

प्रश्न : आपल्याकडे क्लॅट दोनदा दिली तर मागच्या वर्षीचे गुण कोणी पाहते का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही. निश्चिंत राहा. २००८ पासून चालत आलेल्या क्लॅटचा निकाल त्या वर्षीच्या प्रवेशापुरताच. पुढच्या वर्षी बसलात, की पाटी कोरी. किती वेळा बसावे याला मर्यादा नाही, वयाचीही नाही. महाराष्ट्राच्या लॉ सीईटीचेही तसेच : ज्या वर्षी परीक्षा, त्या वर्षी प्रवेश. आपल्या पद्धतीत क्रमांक लागतो, अर्ज कोणी वाचत बसत नाही. त्यामुळे ‘ही मुलगी दुसऱ्यांदा बसली आहे’ हे पाहणारा डोळाच तिथे नसतो. ‘ड्रॉप घेतला’ म्हणून नातेवाईक विचारतील तेवढेच. जेईई मेनसारखी परीक्षा एकाच वर्षात दोनदा होते आणि दोन्हींपैकी बरे गुण क्रमांकासाठी धरतात, ही रीत अमेरिकन पद्धतीच्या जवळची. पण तिथेही जुन्या वर्षाचे काही मागे येत नाही.

तुलनेला ब्रिटन घ्या. ऑक्सफर्ड, केंब्रिज, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन वगैरे ठिकाणी कायद्यासाठी एलनॅट लागते. ती एका प्रवेशवर्षात एकदाच देता येते. दुसऱ्यांदा बसलात तर ते गुण ग्राह्य नाहीत, आणि पुढच्या वर्षी अर्ज करायचा तर परीक्षा नव्याने द्यावी लागते. जास्तीचे की सरासरी, हा वाद तिथे जन्मालाच येत नाही.

प्रश्न : एलसॅटमध्ये कोरा पेपर दिला तरी १२० गुण मिळतात, हे खरे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : खरे आहे, पट्टीच तिथून सुरू होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे १२० च्या खाली जायला रस्ता नाही. सुरुवातीला, १९४८ पासून, गुण २०० ते ८०० होते. १९८० च्या दशकात १० ते ५० च्या आसपासची पट्टी आली, आणि जून १९९१ पासून १२० ते १८०. गंमत म्हणजे या तिन्ही पट्ट्यांतला एकही आकडा दुसरीत येत नाही. त्यामुळे एखाद्या निवृत्त अमेरिकन वकिलाने ‘मला ४४ मिळाले होते’ असे अभिमानाने सांगितले, तर हसू नका. तो खूप वरच्या क्रमांकात असेल.